शार्त्रला जाणार आहेस ना? काचा खालून वर वाच

शार्त्रचं कॅथेड्रल, म्हणजे फ्रान्समधलं ते जुनं मोठं चर्च, चित्रं असलेल्या रंगीत काचांच्या खिडक्यांसाठी प्रसिद्ध आहे. पॅरिसहून रेल्वेने तासाभरात पोचशील. वाटाड्याबरोबरची फेरी घेच, पण आधी एक खिडकी स्वतः वाच. दक्षिणेकडच्या भल्या शोमरोन्याच्या (लुटल्या गेलेल्या वाटसरूला मदत करणाऱ्या परक्याची बायबलमधली बोधकथा) खिडकीपासून सुरुवात कर. तळाशी चांभार काम करताना दिसतील. खिडकीसाठी पैसे त्यांनीच दिले, असं मानतात. त्यावर लुटला गेलेला वाटसरू, आणि आणखी वर आदम-हव्वा. वाटसरू म्हणजे पाप करून स्वर्गीय बागेतून बाहेर पडलेला माणूस, असा बोधकथेचा अर्थच वरच्या काचांत सांगितलाय, हे उमगलं तेव्हा मी कितीतरी वेळ तिथेच उभा होतो.

दुर्बीण विसरू नकोस. पश्चिमेच्या तीन उंच खिडक्या 1194 च्या आगीतूनही वाचलेल्या, त्यांचा निळा रंग दुपारनंतरच्या उन्हात बघ. आणि एका दिवसात सगळ्या खिडक्या पाहायच्या नाहीत, तीन पुरे.