वाचक विचारतात: दुसरा भाग अडलाय, नोकरी सोडू का?

प्रश्न: ताई, नमस्कार. मी डोंबिवलीला राहतो, वय ४१, ऑफिस लोअर परळला, जिथे आधी मिल होती तिथल्या टॉवरमध्ये. चार कादंबऱ्यांची मालिका लिहायला घेतलीय, गिरणगावातल्या एका चाळीतलं कुटुंब, १९८२च्या संपापासून २०१८पर्यंत. पहिला भाग तीन वर्षांत झाला पण दुसरा चौदा महिने साठाव्या पानावरच आहे. सकाळी सातला घर सोडतो, दादरला गाडी बदलून करी रोडला उतरतो, तिथून चालत. रात्री घरी यायला साडेआठ. शनिवारी लिहायला बसलो की आधी काय लिहिलं होतं तेच आठवत नाही, मागचं वाचण्यातच दुपार जाते, मग मुलीचा क्लास, बाजार. सेव्हिंगवर वर्षभर घर चालेल. एक वर्ष नोकरी सोडून उरलेले तिन्ही भाग लिहून टाकू का? बायको म्हणते तुम्ही ठरवा, पण तिचा चेहरा वेगळंच सांगतो. आणि पहिला भाग आत्ताच प्रकाशकाला देऊ का?

उत्तर: नोकरी सोडू नका. हे आधीच स्पष्ट सांगते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी परत परत वाचलं, आधी काय लिहिलं होतं तेच आठवत नाही. खरी अडचण तिथे आहे, तासांत नाही. सोमवार ते शुक्रवार तुम्ही त्या चाळीत पाऊलच टाकत नाही आणि शनिवारी जाता ते पाहुण्यासारखे, मग कोण कुठल्या खोलीत राहतं, कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे हे पुन्हा विचारत बसावं लागतं. एकच कादंबरी असती तर रजा टाकून उरकता आली असती, पण चार भागांना आठ-दहा वर्षं लागतील, आणि एवढी वर्षं पुरेल एवढी सुट्टी कुणाकडेच नसते. एका वर्षात तीन भाग होणार नाहीत हो, तेराव्या महिन्यात तुम्ही अर्धवट तिसरा भाग घेऊन इंटरव्ह्यू देत फिराल, आणि त्या काळजीत लिहिलेलं पान वाचताना कळतं.

मी स्वतः सव्वीस वर्षं क्लार्कची नोकरी करत तीन भाग लिहिले. दुसऱ्या भागाच्या वेळी मी पण फक्त रविवारी बसायचे. पहिल्या भागात जिला पाण्याची भीती वाटते ती मावशी दुसऱ्या भागात विहिरीत उडी मारून पोराला बाहेर काढते, आणि हे मला पुस्तक छापून आल्यावर एका वाचकाने फोन करून सांगितलं. तो फोन मला अजून सलतो. त्या वाचकाने माझ्या मावशीला माझ्यापेक्षा जास्त जपलं होतं.

अँथनी ट्रोलप नावाचा इंग्रज कादंबरीकार होता, १८३४ साली पोस्टात कारकून म्हणून लागला आणि १८६७पर्यंत तिथेच होता. त्याची बार्सेटशायरची सहा कादंबऱ्यांची मालिका १८५५ ते १८६७ या काळात आली, म्हणजे सगळीच्या सगळी नोकरीत असताना. पहाटे साडेपाचला बसायचा, घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला अडीचशे शब्द, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. मला त्यातली वेगळीच गोष्ट मोलाची वाटते, तीन तासांतला पहिला अर्धा तास तो आदल्या दिवशीचं वाचण्यात घालवायचा. एवढा झपाट्याने लिहिणारा माणूस रोज अर्धा तास मागे जायला देतो, कारण धागा सुटला तर उरलेले अडीच तास वाया जाणार हे त्याला पक्कं माहीत होतं. पोस्टाच्या कामासाठी फिरावं लागायचं तेव्हा तो रेल्वेच्या डब्यात मांडीवर छोटी पाटी घेऊन पेन्सिलीने लिहायचा आणि बायको नंतर त्याची नक्कल करून द्यायची. डोंबिवलीच्या फास्टमध्ये सकाळी पेन्सिल काढायला हात तरी मोकळा मिळतो का हे मला माहितीय, त्यामुळे गाडीत लिहा असं मी सांगणार नाही.

पण रोज पंचवीस मिनिटं काढा, सकाळी चहाबरोबर, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून. पहिली दहा मिनिटं फक्त कालचं पान वाचायचं, मग जमेल तेवढं लिहायचं, पाच ओळी झाल्या तरी चालेल, आणि थांबताना प्रसंगाच्या मध्येच थांबायचं म्हणजे दुसऱ्या दिवशी कुठून सुरू करू हा प्रश्नच राहत नाही. मग करी रोडला उतरलात की ऑफिसपर्यंतच्या रस्त्यात डोक्यात आलेला संवाद फोनमध्ये बोलून ठेवायचा. तुमच्या हे लक्षात आलंय का, की तुमची नोकरीच तुम्हाला रोज तुमच्या कादंबरीच्या वस्तीत नेऊन सोडते? तो रस्ता, त्या उरलेल्या चाळी, मिलच्या जागी झालेला तुमचाच टॉवर, चौथा भाग तिथेच संपणार असेल असं मला तरी वाटतं, आणि तुम्ही ते सोडून डोंबिवलीच्या बेडरूममध्ये बसायचं म्हणताय.

आणि एक जाड वही करा, फक्त मालिकेची. प्रत्येक पात्राला एक पान, जन्मसाल, गाव, खोली नंबर, दुखणं, बोलण्याची लकब. शेवटी वर्षांची पानं, कारण छत्तीस वर्षांची मुंबई सारखी बदलत राहते. संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ला, तेव्हा तुमच्या पहिल्या भागातला कामगार प्रभादेवी स्टेशनला उतरू शकत नाही, ते एल्फिन्स्टन रोड होतं आणि २०१८च्या जुलैपर्यंत तेच नाव होतं. व्हीटीचं सीएसटी झालं १९९६मध्ये, सीएसएमटी २०१७मध्ये, पण म्हातारी माणसं शेवटपर्यंत व्हीटीच म्हणणार, हेही वहीत लिहा. पहिली एसी लोकल धावली २५ डिसेंबर २०१७ला, ती पण पश्चिम रेल्वेवर, तुमच्या मध्य रेल्वेवर नाही. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात महिन्यातून एखादा शनिवार बसा, पण तो वहीसाठी, लिखाणाचा वेळ त्यात घालवू नका. अडचण आली की माहिती शोधत बसणं फार सोपं असतं, तेच काम वाटायला लागतं.

पैशाचं पण बोलते कारण ते कुणी बोलत नाही. समजा पुस्तक ३०० रुपयांचं, रॉयल्टी १० टक्के, आवृत्ती हजार प्रतींची, तर सगळ्या प्रती संपल्यावर हातात येणार ३० हजार, आणि त्या संपायला किती दिवस लागतील ते सांगता येत नाही. बायकोचा चेहरा हाच हिशोब सांगत असणार. तिला वर्षभराची जोखीम उचलायला लावण्यापेक्षा सकाळची ती पंचवीस मिनिटं मागा, त्या वेळात डबा कोण भरणार, मुलीला कोण उठवणार हे बसून ठरवा आणि बदल्यात संध्याकाळचं एखादं काम स्वतःकडे घ्या. तुम्ही ठरवा असं जिने म्हटलंय तिच्याशी ठरवूनच करायचं असतं.

पहिला भाग आत्ता देऊ नका. दुसऱ्याचा कच्चा खर्डा पूर्ण होईपर्यंत थांबा. दुसरा लिहिताना हमखास कळतं की थोरल्या भावाला पहिल्या भागात एक मित्र असायला हवा होता, किंवा आईने ते पत्र जाळायला नको होतं. छापून झालं की तिथे हात लावता येत नाही, मग पुढचे तिन्ही भाग त्या एका चुकीभोवती वळसा घालत लिहावे लागतात.

प्रश्न: मी एका कंपनीत कंटेंट रायटर आहे. लंच ब्रेकमध्ये ऑफिसच्या लॅपटॉपवर स्वतःची कादंबरी लिहिते. काही प्रॉब्लेम होऊ शकतो का? (अंधेरी)

उत्तर: लॅपटॉप आजच बदला. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लिखाणाचा पहिला हक्क वेगळा करार नसेल तर साधारणपणे कंपनीकडे जातो. तुमची कादंबरी त्यात मोडत नाही, पण तुमचं कामच लिहिण्याचं आहे आणि फाईल त्यांच्या मशीनवर, तर उद्या कुणी वाद काढला तर हे माझं खाजगी लिखाण होतं हे तुम्हाला सिद्ध करत बसावं लागेल. शिवाय नोकरी सुटली तर लॅपटॉप त्याच दिवशी परत द्यावा लागतो. अपॉइंटमेंट लेटर काढून बाहेरच्या कामाबद्दल काय लिहिलंय ते वाचा, परवानगी लागत असेल तर ईमेलवर मागा आणि उत्तर जपून ठेवा. तोपर्यंत लंच ब्रेकमध्ये वहीत लिहा. आणि जे आधीच लिहिलंय ते आज घरी जायच्या आधी प्रिंट काढून घ्या, पण ऑफिसच्या प्रिंटरवर नको, स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे.