वाचकांचे प्रश्न : स्टिअरिंग मधेच जड होतंय

प्रश्न : गाडी सात वर्षं जुनी आहे. महिनाभर झालं, पार्किंग करताना स्टिअरिंग अचानक जड होतं आणि डॅशबोर्डवर स्टिअरिंगचा दिवा लागतो. गाडी बंद करून परत चालू केली की सगळं नीट. मेकॅनिक म्हणतो मोटरसकट अख्खा कॉलम (स्टिअरिंगचा दांडा) बदला. बदलू का?

उत्तर : थांबा, एवढ्यात नको. हे इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग आहे, म्हणजे स्टिअरिंग फिरवताना एक मोटर जोर लावून मदत करते. बंद-चालू केल्यावर नीट होतंय म्हणजे मोटर पार जळालेली नाही हे नक्की, आणि पार्किंगमध्येच होतंय हे तर फार महत्त्वाचं, कारण गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवलं की मोटर सगळ्यात जास्त करंट ओढते, तेव्हा बॅटरी कमजोर असेल किंवा वायरिंगमध्ये कुठे गंज असेल तर व्होल्टेज पडतं आणि मोटर चालवणारं कंट्रोल युनिट स्वतःला वाचवायला मोटरची मदत बंद करतं. स्टिअरिंग जड झालं तरी चाकांशी जोडलेलंच असतं, फक्त जोर जास्त लावावा लागतो, त्यामुळे चालत्या गाडीत असं झालं तर न घाबरता दोन्ही हातांनी धरून हळूहळू बाजूला घ्या.

आता तपासणी. गाडी बंद असताना चांगल्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास व्होल्ट दिसतात, इंजिन चालू केल्यावर साधारण १३.५ ते १४.५. त्यानंतरची टेस्ट बरेच जण करतच नाहीत आणि मला त्याचंच वाईट वाटतं. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी स्टिअरिंग युनिटच्या अर्थच्या (अर्थिंग, म्हणजे बॉडीला जोडलेल्या मायनस वायरच्या) बोल्टला, इंजिन चालू, आणि दुसऱ्या कोणाला तरी उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवायला सांगा. रीडिंग ०.२ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थ खराब आहे. माझ्याकडे अशीच एक गाडी आली होती, कॉलम बदलायचा ठरलेला, आणि बॉडीला लागणारा अर्थचा बोल्ट सोडला तर खाली हिरवट पावडर जमलेली, पॉलिश पेपरने घासून घट्ट केला, दिवा गेला तो गेलाच.

हे सगळं ठीक निघालं तर स्कॅनर लावा, पण स्टिअरिंगचं मॉड्यूल वाचणारा, साधा इंजिनचा स्कॅनर बऱ्याचदा त्यात शिरतच नाही. स्कॅनरवर बिघाडाचा कोड टॉर्क सेन्सरचा (तुम्ही स्टिअरिंगला किती जोर लावता ते मोजणारा) आला तर मात्र मेकॅनिकचं म्हणणं बरोबर असू शकतं कारण बऱ्याच गाड्यांत तो सेन्सर सुटा मिळत नाही. कॉलम बदललाच तर सेन्सरचं कॅलिब्रेशन (सरळ स्टिअरिंगला शून्य धरून सेटिंग) करून घ्या, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

प्रश्न : स्टिअरिंग हलकं आहे, दिवाही नाही, पण खड्ड्यातून जाताना कट कट आवाज येतो आणि हातालाही जाणवतो.

उत्तर : मोटर कॉलमवर असेल तर आत रबराचं छोटं कपलिंग असतं, ते झिजलं की असाच आवाज येतो आणि बऱ्याच गाड्यांचं ते सुटं मिळतं. आधी टाय रॉड एंड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा सांधा) आणि खालच्या शाफ्टचा जॉइंट हलवून बघा, ते पटकन कळतं. कॉलम उतरवायची वेळ आली तर स्वतः हात घालू नका, तिथे एअरबॅगची वायरिंग असते.