चक्रीवादळ, चक्राकार वारे आणि आपलं वावधन

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून प्रश्न आला आहे. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर हवामानाचा निरोप लिहिताना ‘सायक्लोनिक सर्क्युलेशन’, ‘डिप्रेशन’, ‘ट्रॉपिकल स्टॉर्म’ यांना मराठीत काय लिहावं? ‘अटलांटिक हरिकेन सीझन’ला काय म्हणावं? आणि उन्हाळ्यात आपल्याकडे वारा-वावधन सुटतं, त्याला चक्रीवादळ म्हटलं तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: चालणार नाही. वावधन हे एका गडगडाटी ढगाचं काम आहे. पावसाने आणि गारांनी गार झालेली जड हवा ढगातून खाली आदळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. म्हणून ते बहुधा दुपारनंतर येतं, अर्ध्या-एक तासात सरतं, आणि एका गावची टिनं उडवून शेजारच्या गावाला नुसती धूळ दाखवतं. त्यात वारा गोल फिरत नाही, एका बाजूने रेटतो. वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागेत वावधनाने पडलेली झाडं पाहा, बहुतेक एकाच दिशेला आडवी झालेली दिसतील. हवामान खात्याच्या अंदाजात ‘मेघगर्जना व विजांसह ताशी 40 ते 50 किलोमीटर वेगाने सोसाट्याचा वारा’ असं येतं, ते याच वावधनाबद्दल. फळ्यावर सरळ ‘वावधन’ लिहा, लोकांना लगेच कळेल. वावटळ आणखी वेगळी. ती तापलेल्या जमिनीवरून, ढग नसतानाही, भर दुपारी उठते, पालापाचोळा फिरवते आणि मिनिटा-दोन मिनिटांत विरते.

चक्रीवादळ समुद्रावर जन्मतं. पाण्याच्या वरच्या थराचं तापमान साधारण 26.5 अंश सेल्सिअसच्या वर असावं लागतं. वाफेचं पाणी होताना सुटणारी उष्णता हीच त्याची ताकद. त्याचा घेर शेकडो किलोमीटरचा असतो, ते कित्येक दिवस टिकतं, आणि आपल्या गोलार्धात त्याचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात.

नाव मात्र वाऱ्याच्या वेगावरून ठरतं. भारतीय हवामान खात्याच्या मोजणीत ताशी 31 किलोमीटरच्या खाली ‘कमी दाबाचं क्षेत्र’, 31 ते 49 ला डिप्रेशन, 50 ते 61 ला खोल डिप्रेशन, आणि 62 पासून पुढे चक्रीवादळ. पुढे तीव्र, अतितीव्र अशा पायऱ्या चढत 222 वर महाचक्रीवादळ. ‘डिप्रेशन’ला प्रतिशब्द शोधण्याचा हट्ट मी धरणार नाही. वर्तमानपत्रं त्याला ‘तीव्र कमी दाबाचं क्षेत्र’ म्हणतात, पण ‘तीव्र’ हे विशेषण चक्रीवादळाच्या पायरीलाही लागतं, मग गोंधळ होतो. डिप्रेशन लिहून पुढे वेग द्यावा, हे बरं.

कमी दाबाचा ‘पट्टा’ आणि कमी दाबाचं ‘क्षेत्र’ यांतही फरक ठेवा. पट्टा लांबट असतो, क्षेत्र गोलसर. बंगालच्या उपसागरात तयार होतं ते बहुधा क्षेत्र.

सगळ्यात जास्त घोळ ‘सायक्लोनिक सर्क्युलेशन’ने होतो. याचं मराठी ‘चक्राकार वाऱ्यांची स्थिती’. ‘विदर्भावर समुद्रसपाटीपासून 1.5 किलोमीटर उंचीवर चक्राकार वाऱ्यांची स्थिती’ हे वाक्य पावसाळ्यात वरचेवर येतं. त्यात वरच्या हवेत वारे वळसा घेताहेत एवढंच सांगितलेलं असतं, त्यामुळे ढग जमून पाऊस पडू शकतो. कोणी त्याचं ‘विदर्भावर चक्रीवादळ’ केलं की कास्तकार घाबरतो. दोन-तीनदा असं झालं की खऱ्या इशाऱ्यावरही त्याचा विश्वास राहत नाही. ही चूक मला सगळ्यात गंभीर वाटते.

विदर्भात चक्रीवादळ पोचतं ते मोडून. विशाखापट्टणमहून नागपूर साडेपाचशे किलोमीटरच्या वर आहे. जमिनीवर आलं की वाफेचा पुरवठा तुटतो, घर्षणाने वारा पडतो, पाऊस मात्र उरतो. 26 सप्टेंबर 2021 ला ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्रच्या कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आलं. त्याचा उरलेला भाग तेलंगण, विदर्भ, मराठवाडा ओलांडून अरबी समुद्रात उतरला आणि तिथे ‘शाहीन’ झाला. सोयाबीन काढणीला आलेलं असताना हे घडलं. अशा वेळी फळ्यावर ‘चक्रीवादळ येत आहे’ लिहून उपयोग नाही. ‘आंध्र किनाऱ्यावरचं चक्रीवादळ कमजोर होऊन इकडे सरकत आहे, दोन दिवस झड राहील, कापलेलं सोयाबीन वावरात पसरून ठेवू नका, गंजी उंचवट्यावर लावून ताडपत्री बांधा’ असं लिहा. सतत लागून राहणाऱ्या पावसाला ‘झड’ इतका नेमका शब्द दुसरा नाही.

आता हरिकेन. वादळ-जात एकच, समुद्र वेगळा. अटलांटिक आणि ईशान्य पॅसिफिकमध्ये हरिकेन, वायव्य पॅसिफिकमध्ये टायफून, आपल्याकडे चक्रीवादळ. अटलांटिकमध्ये ताशी 63 किलोमीटरला ‘ट्रॉपिकल स्टॉर्म’ म्हणून नाव मिळतं, 119 ला ते हरिकेन होतं. तेव्हा ट्रॉपिकल स्टॉर्मला ‘उष्णकटिबंधीय वादळ’ लिहा. ‘उष्ण वादळ’ नको, उन्हाळी झळांचा भास होतो. सीझनला ‘हंगाम’ म्हणा. ऋतू म्हटलं की आपल्या मनात सहा ऋतू येतात. इथे 1 जून ते 30 नोव्हेंबर अशी ठरवलेली मुदत आहे, जोर साधारण 10 सप्टेंबरच्या सुमारास, आणि मुदतीबाहेरही वादळ होऊ शकतं. ‘अटलांटिकचा हरिकेन हंगाम’ हे पुरेसं आहे.

आपल्या उपसागराचे हंगाम दोन: मान्सूनच्या आधी मे महिन्याच्या आगेमागे, आणि मान्सूननंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरात. भर पावसाळ्यात खालचे वारे पश्चिमेकडून आणि वरचे पूर्वेकडून वाहतात, त्या ओढाताणीत उभं चक्र टिकत नाही. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये बहुधा गाडी डिप्रेशनवरच थांबते, आणि तीच डिप्रेशनं गोंदिया-भंडाऱ्याच्या धानाला पाणी देतात.

लिहिताना दोन वेग मिसळू नका. ‘चक्रीवादळ ताशी 15 किलोमीटरने सरकत आहे’ आणि ‘त्यातले वारे ताशी 100 किलोमीटरने वाहत आहेत’ ही दोन्ही वाक्यं एकाच वादळाबद्दल खरी असू शकतात. ‘ताशी 40 नॉट’ही लिहू नये. नॉट म्हणजेच तासाला एक सागरी मैल, त्यामुळे ‘ताशी’ दोनदा होतं. 1.852 ने गुणा आणि ताशी 74 किलोमीटर लिहा.