रोमसारखं छोटं शहर एवढं मोठं साम्राज्य कसं झालं? फक्त सैन्याच्या जोरावर का?

तुम्ही विचारलंय की टायबर नदीकाठच्या एका शहराने आधी अख्खी इटली आणि मग सगळा भूमध्य समुद्र कसा घेतला आणि हे फक्त सैन्य भारी होतं म्हणून झालं का. सैन्य भारी होतंच, पण रोम मोठमोठ्या लढाया हरलंय सुद्धा आणि हरून परत उभं राहिलंय. माझ्या मते खरी गोष्ट ही आहे की जिंकलेल्या लोकांचं पुढे करायचं काय हे रोमला जसं कळलं तसं त्या काळात अथेन्सला कळलं नाही, स्पार्टाला तर नाहीच नाही.

याची सुरुवात घरातूनच झाली. इ.स.पू. ५०९ मध्ये राजाला हाकललं असं परंपरा सांगते, मग दरवर्षी दोन कॉन्सल म्हणजे सर्वोच्च अधिकारी निवडायचे आणि एकाने दुसऱ्याला अडवायचं अशी सोय केली, पण सत्ता सगळी पॅट्रिशियन म्हणजे खानदानी घराण्यांकडेच राहिली. सामान्य प्लेबियन लोक कर्जात बुडालेले, आणि लढायला मात्र त्यांनीच जायचं. इ.स.पू. ४९४ मध्ये ते शहर सोडून सरळ एका टेकडीवर जाऊन बसले, सैन्यात येत नाही म्हणाले. शेवटी वरच्यांना झुकावं लागलं आणि ट्रिब्यून हे पद आलं, ज्याच्या अंगाला हात लावायचा नाही आणि जो अधिकाऱ्याचा हुकूम थांबवू शकतो. पुढे ३६७ मध्ये कॉन्सलपद प्लेबियनना खुलं झालं, २८७ मध्ये त्यांच्या सभेचे ठराव सगळ्यांना लागू झाले. म्हणजे जो लढतो त्याला काहीतरी द्यावं लागतं हे रोमचे लोक घरातच शिकले होते.

आता इ.स.पू. ३३८ बघा, मला हे साल सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. शेजारची लॅटिन शहरं रोमविरुद्ध उठली आणि हरली. रोमने सगळ्यांना एकच शिक्षा दिली नाही, एकेका शहराचा वेगळा निकाल लावला. लॅनुव्हियम, अरिसिया यांना पूर्ण नागरिकत्व. कापुआला नागरिकत्व पण मताचा हक्क नाही. टिबुर आणि प्रेनेस्ते यांची जमीन काढून घेतली पण ती दोस्त म्हणून स्वतंत्र ठेवली. व्हेलित्रेच्या भिंती पाडल्या आणि तिथल्या सिनेटरना म्हणजे कारभार बघणाऱ्या सभेच्या सदस्यांना टायबरपलीकडे हद्दपार केलं. अँटियमच्या जहाजांच्या कांस्याच्या चोची कापून आणून रोमच्या फोरममधल्या म्हणजे मुख्य चौकातल्या भाषणाच्या ओट्याला लावल्या. आणि बाकीच्या लॅटिन शहरांनी आपापसात सभा, व्यापार, सोयरीक काहीच करायचं नाही, जो काही संबंध तो फक्त रोमशी. किती विचार करून केलंय बघा, एकत्र येऊन बंड करायची वाटच बंद, आणि वर चढायची वाट मात्र उघडी.

यातली अजून एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. इटलीतल्या दोस्तांकडून रोम दरवर्षीची खंडणी घेत नव्हतं, सैनिक घेत होतं. आता सैनिक वापरायचे तर मोहीम हवी, मोहीम केली नाही तर दोस्तांशी केलेल्या तहाचा उपयोग शून्य, म्हणून जवळजवळ दरवर्षी युद्ध, आणि जिंकलं की लुटीत दोस्तांचाही वाटा, जमिनीतही कधी कधी. काल हरलेला आज रोमच्या बाजूने पुढच्याला हरवायला निघाला. रोमचा विस्तार थांबत का नव्हता याचं मोठं कारण मला इथेच दिसतं.

याची परीक्षा उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहराचा सेनापती हॅनिबल याने घेतली. इ.स.पू. २१६ मध्ये इटलीतल्या कॅनीला एका दिवसात रोमची अंदाजे ५० हजार माणसं पडली, दुसरं कुठलंही राज्य तिथेच तहाला बसलं असतं. हॅनिबल दोस्तांचे कैदी खंडणी न घेता सोडून द्यायचा, म्हणायचा माझं भांडण फक्त रोमशी आहे. कापुआ फुटलं, टॅरेंटम फुटलं, पण मध्य इटली आणि रोमने वसवलेल्या लॅटिन वसाहती फुटल्या नाहीत. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने इ.स.पू. २२५ ची जी मोजणी दिलीय त्यात रोम आणि दोस्त मिळून ७ लाखांवर पायदळ आणि ७० हजार घोडदळ उभं राहू शकत होतं, त्यामुळे फौज बुडाली की दुसरी उभी. मॅसेडोनियाचा राजा पाचवा फिलिप, जो स्वतः रोमचा शत्रू, त्याने त्याच काळात ग्रीसमधल्या लारिसा शहराला पत्र पाठवलं की नवीन लोकांना नागरिक करून घ्या, रोमन बघा, गुलाम सोडला तरी त्याला नागरिक करतात. ते पत्र दगडावर कोरलेलं सापडलंय.

पण हे सगळं फार गोड समजू नका. इ.स.पू. १६७ मध्ये ग्रीसच्या वायव्येकडच्या एपिरसमधून दीड लाख माणसं गुलाम म्हणून विकली, १४६ मध्ये कार्थेज जाळून टाकलं. इटलीबाहेरच्या प्रांतांना सैनिकांऐवजी कर भरावा लागायचा, तिथले गव्हर्नर खिसे भरायचे. श्रीमंतांच्या शेतांवर गुलाम राबायला लागले, छोटा शेतकरी देशोधडीला लागला, आणि जमीनवाटप मागणाऱ्या टायबेरियस ग्रॅकस या ट्रिब्यूनला १३३ मध्ये सिनेटरांनीच मारलं.

इटलीतल्या दोस्तांना नागरिकत्व द्यायला रोम शेवटी शेवटी टाळाटाळ करायला लागलं, तेव्हा इ.स.पू. ९१ मध्ये तेच दोस्त उठले, कॉर्फिनियमला राजधानी केली, आणि रोमचं चिन्ह असलेल्या लांडगीला तुडवणारा बैल असलेली स्वतःची नाणी पाडली. हे युद्ध भयंकर होतं कारण दोन्हीकडचं सैन्य एकाच तालमीत तयार झालेलं. मग ९० मध्ये कायदा करून जे आधी नाकारलं तेच नागरिकत्व शस्त्र न उचललेल्या दोस्तांना दिलं आणि थोड्याच काळात पो नदीच्या दक्षिणेची जवळजवळ सगळी इटली रोमन नागरिक झाली. पुढे इ.स. ४८ मध्ये सम्राट क्लॉडियसने गॉलच्या म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सच्या पुढाऱ्यांना सिनेटमध्ये घ्यायला लावलं, आणि २१२ मध्ये सम्राट कॅराकलाने साम्राज्यातल्या जवळपास सगळ्या स्वतंत्र माणसांना नागरिकत्व दिलं, जरी इतिहासकार कॅशियस डियो लिहितो की त्यामागे वारसा कर जास्त लोकांकडून वसूल करायचा हेतू होता.