अमेरिकेच्या मिडवेस्टमधील दुग्धव्यावसायिक कुटुंबप्रमुखाचे आयुष्य कसे असते?

मिडवेस्ट म्हणजे अमेरिकेचा मध्य-उत्तर भाग. त्यातील विस्कॉन्सिन राज्यात गोठ्यांना पशुआहाराविषयी सल्ला देणे हे माझे काम आहे. त्यानिमित्ताने अशा अनेक कुटुंबांचा दिनक्रम आणि त्यांच्या घरातील बोलणी मी जवळून पाहिली आहेत. त्या आधारावर सांगायचे तर या कुटुंबप्रमुखाच्या आयुष्यात शारीरिक कष्ट भरपूर असले, तरी सर्वांत अवघड काम सत्तरीच्या आसपास त्याची वाट पाहत असते, आणि ते म्हणजे गोठा व जमीन पुढच्या पिढीकडे सोपवणे.

दिवस पहाटे साडेचार-पाचला सुरू होतो. साठ-सत्तर होल्स्टीन गाई दोन रांगांत बांधलेल्या जुन्या पद्धतीच्या गोठ्यात प्रत्येक गाईपाशी तोच क्रम पाळला जातो: सडांना आयोडीनचे द्रावण लावायचे, प्रत्येक सडातून पहिल्या काही धारा हाताने काढून दुधात गुठळ्या (कासेच्या आजाराची खूण) नाहीत ना हे पाहायचे, सड पुसून कोरडे करायचे आणि मग मिल्किंग मशीनचे चार कप चढवायचे. पाच-सहा मिनिटांत गाय मोकळी होते, दूध डोक्यावरच्या पाइपमधून बल्क कूलरमध्ये, म्हणजे दूध थंड ठेवणाऱ्या मोठ्या टाकीत, जाते आणि माणूस सडांना पुन्हा औषध लावून पुढच्या गाईकडे वळतो. मी ज्यांच्याकडे नेहमी जातो ते वयस्कर गृहस्थ कासेवर तळहात ठेवून एखादा भाग किंचित गरम असल्याचे ओळखतात, आणि दुधात काहीही दिसण्याआधी त्या गाईवर लक्ष ठेवायला मुलाला सांगतात. साधारण बारा तासांनी हे सगळे पुन्हा करायचे असते, आणि त्याला नाताळचाही अपवाद नसतो. जानेवारीत तापमान उणे २० अंश सेल्सिअसखाली गेले की पाण्याच्या टाक्या गोठतात आणि नुकत्याच जन्मलेल्या वासरांना जाकिटे घालावी लागतात. उन्हाळ्यात लसूणघासाच्या तीन-चार कापण्या आणि शरद ऋतूत मक्याचा मुरघास भरणे ही कामे धारांच्या वेळा सांभाळूनच उरकावी लागतात. एका घरी आजी वारल्या, त्या दिवशी कुटुंब दफनविधीसाठी गेले असताना संध्याकाळच्या धारा शेजारच्या दोन घरांतील माणसांनी येऊन काढल्या; त्यांना कोणी बोलावणे पाठवले नव्हते.

हा प्रदेश पहिल्यापासून दुधाचा नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर येथे गहू पिकत असे; पुढे जमिनीचा कस गेला, किडीने पीक खाल्ले, आणि १८७२ मध्ये स्थापन झालेल्या दूध उत्पादकांच्या संघटनेने व विल्यम डेम्प्स्टर होर्ड यांच्यासारख्या, पुढे राज्याचे गव्हर्नर झालेल्या, प्रचारकांनी शेतकऱ्यांना गाईंकडे वळवले. १८९० मध्ये मॅडिसनच्या विद्यापीठात स्टीफन बॅबकॉक यांनी दुधातील फॅट मोजण्याची सोपी पद्धत शोधली, त्यामुळे दुधात पाणी घालणाऱ्याला आणि प्रामाणिक शेतकऱ्याला एकच दर मिळणे थांबले. आपल्याकडे गावोगावच्या डेअरीत ‘फॅट किती लागली’ हा प्रश्न रोज विचारला जातो, त्यामुळे या शोधाचे मोल मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

दर मात्र शेतकऱ्याच्या हाती नसतो. तो शंभर पौंडांवर, म्हणजे सुमारे ४४ लिटरांवर मोजला जातो. १९३७ च्या कायद्यावर आधारलेली संघराज्याची व्यवस्था दूध कशासाठी वापरले गेले यावरून चार वर्ग पाडून किमान दर ठरवते. विस्कॉन्सिनचे सुमारे नव्वद टक्के दूध चीजसाठी जात असल्यामुळे चीजचा बाजारभाव पडला की घराचे अंदाजपत्रकही कोसळते, आणि या महिन्यात घातलेल्या दुधाचा अंतिम हिशेब पुढच्या महिन्यात हाती येतो. देशातील सरासरी दर २०१४ मध्ये सुमारे २४ डॉलर होता, तो २०१८ मध्ये सुमारे १६ डॉलरवर आला. २००४ च्या सुमारास राज्यात साधारण सोळा हजार दुभते गोठे होते. २०२४ पर्यंत ते सहा हजारांच्याही खाली आले. गाईंची संख्या मात्र साडेबारा लाखांच्या आसपासच राहिली, म्हणजे लहान गोठे मिटले आणि मोठे अधिक मोठे झाले. अशा काळात अनेक घरे तगून राहिली ती पत्नीच्या शाळेतील किंवा रुग्णालयातील नोकरीमुळे, कारण कुटुंबाचा आरोग्यविमा त्या नोकरीतून मिळतो. कुटुंबप्रमुखाविषयी लिहिताना ही गोष्ट वगळली तर चित्र खोटे ठरेल, असे मला वाटते.

आता वारशाविषयी. आपल्याकडे हिंदू कुटुंबांत वडिलोपार्जित जमिनीवर अपत्यांचा जन्मतः हक्क असतो. तेथे वडील मृत्युपत्राने जमीन कोणालाही देऊ शकतात, त्यामुळे निर्णयाचा सगळा भार त्यांच्यावर येतो. चार मुलांपैकी एक गोठ्यात राबलेला असतो आणि तिघे मिलवॉकी किंवा मिनिआपोलिसला नोकरी करत असतात. चौघांना समान वाटा दिला तर शेती तुटते, आणि राबणाऱ्याला सगळे दिले तर घर तुटते. म्हणून शहाणी कुटुंबे वीस-पंचवीस वर्षे आधीच सुरुवात करतात. मुलाला पगार कमी देऊन त्याऐवजी काही कालवडी त्याच्या नावावर केल्या जातात, त्या वाढून व्यायल्या की कळपातील त्याचा हिस्सा वाढत जातो. जमीन बहुधा ‘लँड कॉन्ट्रॅक्ट’ने दिली जाते, म्हणजे मुलगा वडिलांना हप्ते भरतो, खरेदीखत मात्र सगळी रक्कम फिटल्यावरच होते, आणि त्या हप्त्यांवर आईवडिलांचे म्हातारपण निघते. ज्यांनी हा विषय टाळला त्यांच्या घरी वडिलांच्या पश्चात भावंडांचे बोलणे बंद झालेले मी पाहिले आहे. पन्नाशीला आलेल्या मुलाला ट्रॅक्टर घेण्यासाठीही वडिलांची सही लागावी, हा त्या मुलावर अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सगळ्यांनाच वारस मिळतो असे नाही. मग गाई विकल्या जातात, जमीन शेजाऱ्याला खंडाने दिली जाते, आणि काही जण दुसऱ्यांच्या कालवडी सांभाळायला घेतात, कारण पहाटे उठून जनावरांना वैरण टाकल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. जूनमध्ये विस्कॉन्सिनला येणे झाले तर अनेक काउंट्यांत (जिल्ह्यांत) गोठ्यांवरच सार्वजनिक न्याहारी ठेवलेली असते, तेथे अवश्य जा. यजमान आजोबांना ही शेती त्यांच्या घरातली कितवी पिढी करते आणि पुढे कोण करणार, एवढेच विचारा. बाकीचे ते स्वतःहून सांगतील.