४५ एचपीला हॅरो घेताना तवे मोजू नको, तव्यामागचं वजन बघ

भावा, कुठला हॅरो घ्यावा हा तुझा प्रश्न दोनदा वाचला. चिकोडी भागातलं ९ एकर काळं रान, निम्म्यात ऊस, बाकी सोयाबीन आणि मागनं ज्वारी-हरभरा, ट्रॅक्टर ४५ एचपीचा. डीलर म्हणतोय १६ तव्यांचा साधा हॅरो (ट्रॅक्टरमागं गोल पोलादी तव्यांनी माती कापणारं अवजार) घे, १२ तव्यांच्या हेवीएवढ्याच, म्हणजे जड फ्रेमच्या हॅरोएवढ्याच, पैशात चार तवे जास्त मिळतात. तुला पण ते पटत आलंय असं दिसतंय. मी संकेश्वरच्या बाजूला हिरण्यकेशीच्या काठाला रान करतो आणि अगदी ह्याच हिशोबानं मी पहिला हॅरो घेऊन पैसे घालवलेत, म्हणून जरा लांबलचक लिहितो, सवडीनं वाच.

पहिली गोष्ट म्हणजे हॅरो नांगरासारखा आपोआप जमिनीत जात नाही. पलटी नांगराच्या फाळाला खाली ओढ असते, टोक घुसलं की तो स्वतःच खाली खेचतो. हॅरोच्या तव्याला तसलं काही नसतं, तो तीन गोष्टींवर घुसतो: त्याच्यावर वजन किती पडतंय, गँगचा, म्हणजे एका शाफ्टवर ओवलेल्या तव्यांच्या रांगेचा, कोन किती तिरका आहे आणि तव्याची धार कशी आहे. त्यातला कोन तू रानात बदलू शकतोस, धार लावून घेता येते, पण वजन जे काय आहे ते विकत घेतानाच ठरतं. म्हणून दुकानात गेल्यावर किती तव्यांचा आहे हे विचारण्याआधी अख्ख्या अवजाराचं वजन विचार आणि त्याला तव्यांच्या संख्येनं भाग. समजा १६ तव्यांचा साधा ४५० किलोचा आहे, म्हणजे तव्यामागं २८ किलो. तोच १२ तव्यांचा हेवी ५४० किलोचा असला तर तव्यामागं ४५ किलो. मऊ रानात, नांगरट झालेल्या ढेकळांवर दोन्ही चालतील. खोडवा (तोडलेल्या बुडख्यातनं परत आलेला ऊस) तुटून गेलेल्या, गाड्यांनी दाबून टाकलेल्या काळ्या रानात २८ किलोवाला वरनं घसरत जाणार, ४५ वाला बुडखे कापणार. वजन फक्त कॅटलॉगमध्ये बघू नको, जमलं तर वजनकाट्यावर घालून घे, साखर कारखान्याच्या भागात काटा शोधायला लांब जावं लागत नाही.

माझं काय झालं सांगतो. १६ तव्यांचा आणला, दिसायला झकास, नवा रंग, आणि पहिल्या वर्षी सोयाबीनच्या रानात त्यानं काम पण छान केलं. फेब्रुवारीत खोडवा गेल्यावर त्याच रानात घातला तर तवे पाल्यावरनं नुसते फिरत गेले, बुडखे जागच्या जागी. मग सगळे करतात ते मी पण केलं, फ्रेमवर वाळूची पोती बांधली, परत दोन मोठे दगड ठेवले. दीड एकर बरं चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर मागच्या गँगचा ब्रॅकेट जिथं मेन फ्रेमला जोडलाय तिथं वेल्डिंगला केसाएवढी चीर. ती फ्रेम तेवढ्याच वजनाच्या हिशोबानं बनवलेली, वरनं टाकलेलं वजन तिनं सोसायचं कसं? दुकानदार म्हणाला ओव्हरलोड केलंय, वॉरंटीत बसत नाही, आणि कागदावर तो बरोबर होता. तेव्हापासनं माझं ठाम मत आहे की वजन फ्रेमच्या लोखंडातच पाहिजे, वरनं बांधून आणायचं नाही.

आता दुसरी बाजू, ती पण तुला खरी खरी सांगायला पाहिजे. हेवी घेतलास की भार ट्रॅक्टरवर येतो. ब्रोशरमध्ये लिफ्टची ताकद १५००-१६०० किलो लिहिलेली असते ती लोअर लिंकच्या, म्हणजे अवजार उचलणाऱ्या खालच्या दोन हातांच्या, टोकाला मोजलेली. हॅरोचं वजन टोकाला नसतं, ते तिथनं तीन-साडेतीन फूट मागं लोंबकळत असतं, त्यामुळं उचलायची खरी ताकद त्याच्यापेक्षा बरीच कमी धरायची. ५४० किलो ४५ एचपीवाला उचलेल, त्याची काळजी नको, पण पुढची चाकं हलकी होतात. बांध ओलांडताना किंवा चढावर वळताना स्टेअरिंग हातात नुसतं फिरतं, ते लई धोक्याचं आहे. म्हणून पुढं बंपरला वजनाच्या प्लेटा लावल्याशिवाय हेवी हॅरो जोडायचा नाही. मागच्या टायरात पाणी भरून घे, चाक जागेवर फिरायचं कमी होतं, डिझेल वाचतं आणि टायर पण वाचतो. डीलरच्या आवारातच हॅरो पूर्ण उचलून हळूहळू एक गोल फेरी मारून बघ, पुढचं चाक किती धरतंय ते हाताला कळतं.

१२ तव्यांचा एक तोटा पण आहे. एका गँगला सहा तवे आणि त्यांच्यात ९ इंचाचं अंतर धरलं तर पट्टा साधारण साडेचार फूट पडतो, १६ च्या मानानं दीड फूट कमी, आणि तो मागच्या टायरांच्या बाहेरच्या कडेपेक्षा अरुंद असतो. म्हणजे प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर चढवून मारायला लागणार, नाहीतर टायरची वाट तशीच दाबलेली राहते. वेळ जास्त जाणार हे कबूल. तरी एकदा नीट कापलेलं रान हे तीनदा वरवर खरवडलेल्या रानापेक्षा चांगलं. तुझा ट्रॅक्टर ५० च्या वरचा असता तर १४ तव्यांचा हेवी सांगितला असता. टायरवर ओढत नेणारे मोठे हायड्रॉलिक हॅरो असतात त्यांच्या नादाला आत्ता लागू नको, त्यांना ताकद आणि वळायला जागा दोन्ही लागते, आपल्या पट्ट्यापट्ट्यांच्या रानात डोक्याला ताप.

तव्याचा साईज २४ इंची घे. ढोबळ हिशोब असा की तवा आपल्या व्यासाच्या चौथ्या हिश्श्याएवढा खाली जातो, म्हणजे २२ इंचीला साडेपाच, २४ ला सहा इंच. आणि तो झिजून लहान होत जातो, मग मधला स्पूल, म्हणजे दोन तव्यांमधला लोखंडी ठोकळा, जमिनीला टेकायला लागतो आणि खोली तिथंच अडते. पुढच्या गँगला खाचांचे तवे पाहिजेत, मागच्या गँगला साधे चालतात. खाचेच्या तव्याची धार कमी जागेवर टेकते म्हणून त्याच वजनात जास्त दाब पडतो आणि पाला पकडून कापला जातो. जाडी व्हर्नियरनं मोजून घे, रंगाच्या थराखाली ४ चा ६ वाटतो, हेवीला ६ मिमी तरी पाहिजेच. बोरॉन स्टील म्हणून सगळेच सांगतात. साधी कानस घेऊन कडेला एका कोपऱ्यात घासून बघ, मऊ लोखंडासारखी कानस लगेच खात गेली तर तो तवा चालणार नाही. आणि हातोडीनं हलकेच वाजव, सुट्टा टांगलेला चांगला तवा घंटेसारखा टण्ण वाजतो, चीर असली की भद्द आवाज येतो.

चौकोनी शाफ्ट २८ चा आहे का ३२ मिमीचा हे पण बघ, हेवीला ३२ च घे. बेअरिंगला ग्रीसचे निप्पल सहज हाताला येतील असे पाहिजेत, नाहीतर गडी ग्रीस मारत नाही, हा माझा अनुभव. स्पूल ओतीव असले तर चांगले. ते फुटले तर आपल्याकडं अडचण नाही, बेळगावात उद्यमबागेत फाउंड्र्या आहेत, नमुना घेऊन गेलास तर करून देणारे भेटतात.

आता जे कुणी दुकानात सांगत नाही ते सांगतो, गँगचा नट, ज्यानं सगळे तवे आणि स्पूल शाफ्टवर आवळलेले असतात. नवा हॅरो आला की रंगाचा थर तव्यात आणि स्पूलात दाबला गेलेला असतो. एक-दोन एकर चालला की तो रंग चिरडतो आणि तेवढी ढिलाई येते. नट दिसायला घट्टच असतो, हातानं हलत नाही, म्हणून आपण सोडून देतो. मी पण सोडला होता. आठ-दहा दिवसांनी तव्याच्या मधोमध, जिथं स्पूल टेकतो तिथं, कुंकवासारखी तांबडी भुकटी दिसायला लागली. मला वाटलं गंज. तो नुसता गंज नव्हता, तवा शाफ्टवर डुगडुगून लोखंडाचं पीठ होत होतं. हॅरो उचलून एक तवा दोन्ही हातानं धरून हलवला तर टक-टक आवाज. खोलून बघितलं तर चौकोनी भोकाचे कोपरे गोल झालेले, आणि दोन तव्यांना भोकाच्या कोपऱ्यापासनं बाहेर चीर गेलेली. सगळी गँग उतरवून चार तवे नवे घालावे लागले. म्हणून पहिला एकर झाला की थांबायचं, लॉकपत्ती (नट फिरू नये म्हणून वाकवलेली पत्ती) सरळ करायची, मोठा पाना लावून त्याला चार फुटी पाईप घालायचा आणि दोघांनी मिळून नट आवळायचा, मधल्या स्पूलांवर हातोडीनं ठोके मारत परत आवळायचा, ठोक्यानं बसकण होते आणि नट अजून पाव फेरा जातो. पत्ती परत वाकवायला विसरू नको. दहा तासांनी परत एकदा. एवढं केलंस की पुढं वर्षभर त्रास नाही.

चालवताना दोन्ही गँग एकाच खोलीला पाहिजेत. टॉप लिंक (अवजाराला वरनं जोडणारा दांडा) आखूड केली की पुढची गँग जास्त घुसते, लांब केली की मागची. मागं एक चर उघडा राहत चालला किंवा मातीचा वरंबा पडत चालला तर आधी टॉप लिंक बघ, मग कोन. कोन एकदम पूर्ण तिरका करू नको, ट्रॅक्टर ओढाताण करतो. वळताना प्रत्येक वेळी उचलूनच वळायचं, जमिनीत ठेवून वळवला की बेअरिंगवर आडवा ताण येतो.

पाला कापायला दुपारी ११ नंतर जा. सकाळी दवानं पाला ओला आणि चिवट असतो, तवा त्याला कापत नाही, वाकवून मातीत खुपसतो, बांधाकडनं बघितलं तर काम झालेलं दिसतं आणि आठ दिवसांनी सगळा पाला वर. उन्हात तो कडकडीत झाला की चुरचुर आवाज करत तुटतो. काळ्या रानात घात, म्हणजे वाफसा, आल्याशिवाय तर जाऊच नको. मूठभर माती दाबून सोडली की गोळा फुटला पाहिजे. ओल्यात गेलास तर तव्यांना माती चिकटून त्यांचे ढोल होतात, खरडणीच्या पट्ट्या किती पण जवळ लाव, आणि तव्याच्या खालच्या कडेनं जमीन लिंपल्यासारखी घट्ट होते. दरवर्षी त्याच सहा इंचावर हॅरो मारत राहिलास तरी तसाच थर बसतो, म्हणून तीन-चार वर्षातनं एकदा खोल नांगरट लागतेच. हॅरो घेतला म्हणून नांगर विकू नको.

इथं अजून एकानं विचारलंय की खानापूरकडं भाताच्या खाचरात हाच हॅरो चालेल का. नको. तिकडं तांबडी माती, मध्येच दगड, लहान लहान खाचरं, तिथं हेवीचा उपयोग नाही, फणाचा कल्टीव्हेटर आणि चिखलणीला रोटर हेच बरं. बटाट्याच्या रानाला, उचगाव-बेळगुंदी पट्ट्यात, हलका हॅरो पुरतो.

पैशाचं थोडक्यात. सबसिडी पाहिजे असेल तर आधी कर्नाटक कृषी खात्याच्या रैत संपर्क केंद्रात जा, बिल आधी आणि अर्ज नंतर असं करू नको. तुझा एफआयडी नंबर (शेतकरी ओळख क्रमांक) झालाय का बघ, पहाणी उताऱ्यावर (आपल्याकडचा सातबारा) नाव बरोबर आहे का बघ, आईच्या किंवा बायकोच्या नावावर जमीन असली तर तिच्या नावानं अर्ज घाल, केंद्राच्या यांत्रिकीकरण योजनेत महिला, अल्पभूधारक आणि एससी-एसटीला ५० टक्क्यांपर्यंत आणि बाकीच्यांना ४० टक्क्यांपर्यंत धरलंय, कमाल रकमेची मर्यादा असते ती तिथंच विचार. पलीकडं महाराष्ट्रात कागलला जाऊन स्वस्त मिळतंय म्हणून घेतलास तर आपल्या राज्याच्या सबसिडीला अडचण, हे आधी ठरव. आणि जुनं कोटेशन कुणी हातात दिलं तर बघ, २२ सप्टेंबर २०२५ पासनं मशागतीच्या अवजारांवरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झालाय.

घ्यायच्या आधी एक कर, कृषी यंत्रधारे केंद्रात (अवजारं भाड्यानं देणारं केंद्र) हेवी हॅरो भाड्यानं मिळतोय का विचार, मिळाला तर तुझ्याच खोडव्याच्या रानात, तुझ्याच ट्रॅक्टरला लावून एक एकर मारून बघ. एक एकराचं भाडं जाऊ दे. आणि डीलरकडनं त्या १२ वाल्याचं वजन, शाफ्टचा साईज आणि तव्याची जाडी ह्या तीन गोष्टी लिहून घेऊन इथं टाक, मी बघून सांगतो.