ड्राफ्टमध्ये नाव नाही तर?

प्रश्न: आमचा चिरंजीव रविवारी रात्रभर अमेरिकन फुटबॉल बघतो आणि सोमवारी कॉलेजला दांडी. म्हणतो तिकडे ड्राफ्टमध्ये (प्रो टीम्स कॉलेजची पोरं निवडतात त्यात) नाव आलं नाही की करिअर खल्लास. खरंय का हो? – एक आई, लालबाग

उत्तर: ताई, बहुतेकांचं होतंच खल्लास, पण त्याला कर्ट वॉर्नर हा खेळाडू कोण ते विचारा. कॉलेजातही गडी शेवटच्या वर्षीच स्टार्टर (मुख्य संघात). 1994 ला ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नाही, ग्रीन बे पॅकर्स या टीमने कॅम्पला बोलावलं आणि सीझनआधीच घरी पाठवलं, मग आयोवात एका सुपरमार्केटमध्ये रात्रपाळीला माल लावायचा, पुढे अरीना लीग (छोट्या इनडोअर मैदानावरचं फुटबॉल), 1998 ला युरोपात अ‍ॅमस्टरडॅमची टीम. 1999 ला सेंट लुईस रॅम्स टीमचा मेन क्वार्टरबॅक (पास फेकणारा) ट्रेंट ग्रीन सराव सामन्यात गुडघा जाऊन बाहेर आणि हा 28 वर्षांचा पठ्ठ्या आत! त्या सीझनला 41 टचडाऊन (म्हणजे गुण मिळवून देणारे) पास, मुख्य लीगचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू), वर जानेवारी 2000 ची सुपर बोल (लीगची फायनल) जिंकली, 414 यार्डांचे पास टाकून. (रणजीतही न घेतलेल्या पोराने डायरेक्ट वर्ल्ड कप आणावा तसं.) नंतर अ‍ॅरिझोनाच्या टीमलाही फायनलला नेलं, हरले ते. 2017 ला हॉल ऑफ फेम (दिग्गजांच्या सन्मान यादीत). मॅचचे हायलाइट्स सोमवारी संध्याकाळी मिळतात, तेवढं चिरंजीवांना सांगा.